जुना संगणक पाहावयास चला

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय मी सांगितला तेव्हा शिक्षक-खोलीत थोडा हशा पिकला. आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "मास्तर, पालकांना नव्या संगणकाचे काही सांगा. जुन्याचे काय घेऊन बसलात? जुना म्हणजे भंगार." त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. मी इतिहास आणि मराठी शिकवतो. संगणकाचा तास माझा नव्हे. पण इतिहासाचा शिक्षक असल्यामुळेच मला हा प्रश्न पडला, की शिवकालीन तलवार पाहावयास आपण मुलांना म्युझियममध्ये नेतो, नाणी दाखवतो, मोगल चित्रे दाखवतो, मग ज्या यंत्राने आपल्या मुलांचे उद्याचे पोट चालावयाचे आहे त्या यंत्राचा आजा-पणजा त्यांना कधी दाखवतो काय?

जगात अशी म्युझियमे आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू या गावी संगणकाच्या इतिहासाचे मोठे संग्रहालय आहे. जर्मनीत पाडरबोर्न येथे आहे. इंग्लंडमध्ये ब्लेचली येथे आहे, आणि त्याच्याबद्दल मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण माझे चुलतभाऊ लेस्टरला राहतात व त्यांनी आपल्या मुलांना तेथे नेले होते. त्यांनी फोनवर जे वर्णन केले ते ऐकून मी पुढचे वाचन केले.

ब्लेचलीला 'विच' नावाचे एक यंत्र आहे. विच म्हणजे चेटकीण. पण येथे ती आद्याक्षरे आहेत, अर्थ असा की 'हारवेलहून आलेले, संगणन शिकविण्यासाठी वॉल्व्हरहॅम्प्टनचे साधन'. हे यंत्र १९५१ साली हारवेलच्या अणुसंशोधन केंद्रात कामाला लागले. वजन अडीच टन. आणि वेग किती? दोन संख्यांचा गुणाकार करावयास पाच ते दहा सेकंद! आमच्या सातवीतला हुशार मुलगा लहान गुणाकारात त्याला हरवील. हारवेलच्या एका गणितज्ञाने खरोखरच हाताने फिरवावयाचे गणनयंत्र घेऊन त्याच्याशी शर्यत लावली होती. सुमारे अर्धा तास त्याने बरोबरी केली, मग तो थकून बसला आणि यंत्र आपल्या त्याच संथ गतीने पुढे चालत राहिले. रात्रभर, सुट्टीभर, कोणी जवळ नसतानाही ते न चुकता चाले. त्याचा मोठेपणा तेवढाच होता.

१९५७ साली हारवेलला हे यंत्र जुने वाटू लागले. आता इकडे लक्ष द्या. त्यांनी ते मोडीत काढले नाही. शिक्षणसंस्थांसाठी एक स्पर्धा जाहीर केली: या यंत्राचा चांगल्यात चांगला उपयोग कोण करील ते लिहून कळवा, त्याला हे मिळेल. वॉल्व्हरहॅम्प्टन येथील तंत्रशाळेने ती स्पर्धा जिंकली आणि १९७३ पर्यंत, म्हणजे पुढची १६ वर्षे, विद्यार्थी त्याच्यावर शिकले. नंतर ते बर्मिंगहॅमच्या म्युझियममध्ये राहिले, ते म्युझियम १९९७ मध्ये बंद झाल्यावर कोठारात पडले. काही हौशी माणसांनी ते शोधून काढले, तीन वर्षे खपून दुरुस्त केले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये ते पुन्हा चालू झाले. त्यातील काचेच्या नळ्यांत नारिंगी ठिपका गोल फिरतो आणि आकडा पुढे सरकताना डोळ्यांनी दिसतो. माझ्या पुतण्याने, जो दिवसभर मोबाईलमध्ये डोके घालून असतो, तेथे वीस मिनिटे उभे राहून तो ठिपका पाहिला असे भाऊ म्हणाले. मोबाईल हिशोब कसा करतो हे मोबाईल उघडून दिसत नाही. ते दिसावयाचे असेल तर जुन्या यंत्राकडेच जावे लागते.

पण इंग्लंड-अमेरिका आपल्या आवाक्यात नाही. तेव्हा आपल्या मुंबईकडे वळू.

मुलांनो, भारतात बनलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक कोठे बनला, ठाऊक आहे? बंगळूरला नव्हे, हैदराबादला नव्हे. तो आपल्या मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनला. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ साली एक संगणक आला होता खरा, पण तो इंग्लंडहून आणलेला. मुंबईत होमी भाभांच्या संस्थेत मात्र आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांचा एक छोटा गट १९५४-५५ च्या सुमारास स्वतः संगणक बांधावयास बसला. त्या गटातील बहुतेकांनी तोपर्यंत संगणक कधी वापरलेला नव्हता. आधी एक लहान नमुना-यंत्र केले, ते १९५६ च्या अखेरीस चालू झाले. त्यावर हात बसल्यावर मोठे यंत्र हाती घेतले आणि फेब्रुवारी १९६० मध्ये ते रीतसर कामाला लागले. जानेवारी १९६२ मध्ये कुलाब्याच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनासाठी पंडित नेहरू आले, त्या वेळी त्यांनी त्याचे नाव 'टिफ्रॅक' असे ठेवले.

त्यात सुमारे २७०० व्हॉल्व्ह होते, १७०० जर्मेनियम डायोड होते, साडेबारा हजार रेझिस्टर होते. व्हॉल्व्ह म्हणजे आपल्या नाना-दादांच्या रेडिओत लालसर पेटत असत त्या काचेच्या नळ्या. ज्यांच्या घरी तो रेडिओ होता त्यांना आठवत असेल की तो लावल्यावर आवाज यावयास वेळ लागे आणि तासाभराने पेटीवर हात ठेवला तर चटका बसे. असे २७०० एका जागी कल्पून पाहा. माहिती आत जावयाची ती कागदी पट्टीला पाडलेल्या भोकांच्या रूपाने, आणि उत्तर टेलिप्रिंटरवर खटखटत यावयाचे. आलेख दाखवावयास पडदाही होता.

आणि एवढ्या अवाढव्य यंत्राची आठवण, म्हणजे ज्याला तुम्ही 'मेमरी' म्हणता, ती किती? ४० अंकी असे २०४८ शब्द. येथे अंक म्हणजे फक्त शून्य आणि एक. मी वर्गात मुलांकडून गुणाकार करून घेतला: ८१,९२०. आठने भागले, १०,२४० बाइट. देवनागरी अक्षर साठवावयास आज साधारणपणे तीन बाइट लागतात. म्हणजे सुमारे ३४०० अक्षरे. या स्मरणिकेतील माझे हे भाषण टिफ्रॅकच्या पोटात अर्धेसुद्धा मावणार नाही! तुमच्या मोबाईलने काढलेला तीन एमबीचा एक फोटो साठवावयाचा तर सुमारे ३०० टिफ्रॅक लागतील. हे ऐकून मुले हसली. मीही हसलो. पण एवढ्याशा आठवणीवर त्या काळच्या शास्त्रज्ञांनी आपली खरी गणिते सोडवली. आपण ३०० टिफ्रॅक खर्चून वडापावचा फोटो काढतो.

ती मेमरी कशी बनलेली असे हे सांगितल्याखेरीज मला पुढे जाववत नाही, कारण हा भाग आपल्या वस्तीतील आयाबहिणींना माझ्यापेक्षा चटकन समजेल. फेराइट नावाच्या काळ्या, लोहमिश्रित पदार्थाच्या बारीक बारीक कड्या असतात, मण्यांसारख्या. एका चौकटीत उभ्या आणि आडव्या तारा ताणलेल्या असतात आणि जेथे जेथे तारा एकमेकींना छेदतात तेथे एक कडी ओवलेली असते. कडीचे चुंबकत्व एका दिशेने फिरले तर ते शून्य, उलट दिशेने फिरले तर एक. एकाच तारेतून अर्धा प्रवाह सोडला तर कडी हलत नाही. उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही तारांतून अर्धा-अर्धा आला तर ज्या कडीवर दोन्ही भेटतात तीच तेवढी उलटते. हजारो कड्यांतून नेमकी एक निवडण्याची किती सोपी युक्ती! वीज गेली तरी कडी आपले चुंबकत्व विसरत नाही. गंमत म्हणजे कडीत काय लिहिले आहे ते वाचावयाचे तर तिला उलटवूनच पाहावे लागते, म्हणून प्रत्येक वाचनानंतर ते पुन्हा लिहावे लागे.

या तारा ओवण्याचे काम जगभर बरेचसे हातानेच होत असे, आणि ते करणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो यानाच्या संगणकाची आठवणसुद्धा अमेरिकेत स्त्रियांनी अशीच सुईदोऱ्याच्या पद्धतीने ओवली होती. मी नववीच्या मुलींना त्या चौकटीचे मोठे केलेले चित्र दाखवले. एक मुलगी लगेच म्हणाली, "सर, हे तर कारचोबचे काम आहे." तिच्या घरी जरीकाम चालते. लाकडी चौकट, ताणलेले कापड, एकेक मणी सुईने ओवणे. तिने जे ओळखले ते मी चार पुस्तके वाचूनही ओळखले नव्हते.

टिफ्रॅकचे पुढे काय झाले? १९६४ च्या सुमारास संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा अमेरिकन संगणक आला, टिफ्रॅकचे काम संपत गेले आणि ते थोड्याच काळात थांबले. जसे ते उभे होते तसे अखंड आज ते कोठेही उभे नाही. विचची चाळीस वर्षांनी पुन्हा उभारणी झाली, टिफ्रॅकची झाली नाही. त्या वेळच्या लोकांना मी दोष देत नाही. नवे यंत्र आले की जुने अडगळ वाटते, आणि मुंबईत जागेची किंमत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यामुळे तुमच्या मुलांना टिफ्रॅक पाहावयाचा तर चित्रातच पाहावा लागतो.

आपल्या उपनगराचाही या इतिहासात वाटा आहे, तो थोडक्यात सांगतो. पवईच्या आय.आय.टी.त १९६० च्या दशकात रशियन 'मिन्स्क' संगणक आला. आपल्या अंधेरीत १९७३ साली सीप्झ सुरू झाले आणि त्याच दशकाच्या अखेरीपासून तेथून परदेशाला सॉफ्टवेअर जाऊ लागले. त्याच काळात संगणकाला विरोधही कडाडून होत होता. आयुर्विमा महामंडळात १९६० च्या दशकात संगणक आणण्याचे ठरले तेव्हा कर्मचारी रस्त्यावर उतरले, कारण नोकऱ्या जातील ही भीती. स्वयंचलनाच्या या प्रश्नावर केंद्र सरकारने जी समिती नेमली तिचे अध्यक्ष पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर होते. आज कृत्रिम बुद्धिमत्तेने नोकऱ्या जातील अशी जी चिंता तुम्ही पालकसभेत मला विचारता, ती तुमच्या वडिलांनीही केलेली आहे.

महासंगणकांचेही तसेच. १९८० च्या दशकाच्या शेवटी भारताने हवामानाच्या अंदाजासाठी अमेरिकेकडून 'क्रे' हा महासंगणक घेतला, तोही बऱ्याच विनवण्यांनंतर आणि हवा होता त्याहून कमी ताकदीचा. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. तो जुना क्रे आता दिल्लीच्या राष्ट्रीय विज्ञान केंद्रात, प्रगती मैदानाजवळ, ठेवलेला आहे. दहावीनंतर कोणी दिल्ली-आग्र्याला जाणार असाल तर लाल किल्ला, जामा मशीद जरूर पाहा, पण एक दुपार त्यासाठी राखून ठेवा.

येथे एक गोष्ट बोलावीशी वाटते. आपल्या समाजाच्या सभांत संगणकाचा विषय निघाला की कोणीतरी उठून अल्-ख्वारिज्मीचे नाव घेतो. घ्यावेच. नवव्या शतकात बगदादला त्यांनी काम केले, हिंदी अंकांवर ग्रंथ लिहिला, त्यांच्या नावावरून 'अल्गोरिदम' आणि त्यांच्या ग्रंथाच्या नावातील 'अल्-जब्र' वरून 'अल्जिब्रा' हे शब्द आले. टाळ्या पडतात, आणि वक्ता खाली बसतो. पुढची अकराशे वर्षे कोणी बोलत नाही. मला विचाराल तर बगदादचा अभिमान धरणाऱ्याने साकीनाक्याच्या गल्लीतही एकदा डोकावून यावे. मी आता तेथलीच गोष्ट सांगणार आहे.

आठवीच्या वर्गात मी विचारले, "संगणक आतून कोणी पाहिला आहे?" एकच हात वर आला, तोही अर्धा. मुलगा मागच्या बाकावरचा, फारसा न बोलणारा. प्रवेश-अर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात त्याने नुसते 'बिझनेस' असे लिहिले होते. मधल्या सुट्टीत त्याने मला हळूच सांगितले की वडिलांचा भंगाराचा गाळा आहे, आणि "सर, वर्गात सांगू नका."

मी त्या गाळ्यावर गेलो. कुर्ला, साकीनाका, जरीमरी या पट्ट्यात अशी किती गोदामे आहेत हे तुम्हांपैकी अनेकांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. कित्येकांची रोजी त्यावर आहे. आत मदरबोर्डांचे ढीग, वायरींची गाठोडी, प्रिंटरचे सांगाडे, कोपऱ्यात काटा. मुलाचे वडील मूळचे मराठवाड्याचे, शाळा पाचवीपर्यंत. त्यांनी मला एकेक बोर्ड हातात देऊन सांगितले: हा कोणत्या काळचा, याच्या पिनांवर सोन्याचा मुलामा जाड, यावर पातळ, हा पार्ट अजून चालतो म्हणून लॅमिंग्टन रोडला जाईल, हा किलोवर जाईल. वीस वर्षांचा संगणकाचा इतिहास त्यांनी मला बोटांनी दाखवला. त्यांना सनावळी ठाऊक नव्हती, पण क्रम एकदाही चुकला नाही.

माळ्यावर एक मातकट रंगाची पेटी होती. संगणक आणि कीबोर्ड एकत्र, वरच्या बाजूला तांबड्या कळांची ओळ. मी ती चित्रांत पाहिली होती: बीबीसी मायक्रो! इंग्लंडच्या केंब्रिजमधील एकॉर्न कंपनीने १९८१ च्या अखेरीस हे यंत्र बाजारात आणले आणि तेथील बीबीसीने त्यावरून टेलिव्हिजनवर लोकांना संगणक शिकवला. आपल्याकडे १९८४ साली केंद्र सरकारने शाळांत संगणक-साक्षरतेची 'क्लास' नावाची योजना काढली, प्रथम सुमारे २५० शाळांत, त्यातही हेच यंत्र होते. कुठल्याशा शाळेच्या लिलावातून ते गाळ्यावर आले असावे. "मोडायचा राहून गेला," ते म्हणाले. "आतला माल काही विशेष नाही. पण बनावट चांगली वाटली." मी पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. देताना एक गोष्ट मात्र बजावली: "सर, लगेच सुरू करू नका. सप्लाय आधी उघडून बघावा लागतो."

मी बी.ए., बी.एड. माणूस, मुलांना दाखवण्याची घाई झाली. दुसऱ्याच दिवशी विज्ञानाच्या खोलीत सगळ्यांना गोळा करून बटण दाबले. एक मिनिटही झाले नसेल, पेटीतून फाट् असा आवाज आला आणि पांढरा, उग्र वासाचा धूर निघाला. मुले ओरडत बाहेर पळाली. शिपायाने मेन स्विच बंद केला. कोणाला इजा झाली नाही, अल्हम्दुलिल्लाह, पण होऊ शकली असती, आणि चूक संपूर्ण माझी होती. जाणत्या माणसाने सांगितले होते. तो पाचवी शिकलेला आहे म्हणून मी त्याचे ऐकले नाही, हे मला येथे सर्वांसमोर कबूल केले पाहिजे.

मी फोन केला. ते संध्याकाळी आले, सोल्डरचे यंत्र घेऊन. मुलगा दारात उभा होता, आत येत नव्हता. त्यांनी सप्लाय उघडला आणि पारदर्शक पिवळट वेष्टनाचा, भेगा पडलेला एक कंडेन्सर दाखवला. वर्षानुवर्षे दमट हवा आत शिरते आणि वीज लागली की तो फुटतो; जुन्या यंत्रांचा हा ठरलेला रोग आहे. "सर, तुम्ही मुलांना शिकवा. सप्लाय मला बघू द्या," एवढेच ते म्हणाले. पुढच्या रविवारी लॅमिंग्टन रोडवरून नवे कंडेन्सर आणले, जुना टीव्ही जोडला. पडद्यावर अक्षरे उमटली: 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के', खाली 'बेसिक', आणि त्याखाली एक बाणासारखे टोक, पुढच्या हुकमाची वाट पाहणारे. ३२के म्हणजे तीन टिफ्रॅक आणि थोडे वर. चित्र नाही, माऊस नाही, काही नाही. तुम्ही लिहाल तेवढेच ते करणार.

आता त्या यंत्रापुढे रांग लागते. 'सर, यात गेम कुठे आहे?' हा पहिला प्रश्न असतो. नाही, असे सांगितले की दुसरा प्रश्न येतो, 'मग करता येईल का?' हा दुसरा प्रश्न मी मोबाईल हातात असलेल्या मुलाच्या तोंडून कधी ऐकला नाही.

पालकहो, तुमच्याकडे माझ्या दोन-तीन विनंत्या आहेत. ज्यांचा भंगाराचा, दुरुस्तीचा धंदा आहे त्यांनी मुलांना तो लपवावयास लावू नये. आणि त्याच वेळी मुलांना त्या धुरापासून दूर ठेवावे. तांबे काढण्यासाठी वायरी जाळणे, सोन्यासाठी बोर्ड तेजाबात टाकणे, हे आपल्याच गल्लीत, आपल्याच पोरांच्या नाकापुढे चालते. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते, सोल्डरमध्ये असते. अशा मालाविषयी सरकारचे नियम २०१२ पासून लागू आहेत, २०२३ पासून नवे लागू झाले. अधिकृत पुनर्वापर केंद्रांना माल देण्याची वाट त्यात आहे. भाव थोडा कमी मिळतो हे मला गाळ्यावर स्पष्ट सांगण्यात आले, तेव्हा मी येथे गोड बोलणार नाही. पण दम्याच्या औषधाचा खर्चही हिशोबात धरा. मोडण्यापूर्वी एखादी वेगळी, जुनी, न पाहिलेली वस्तू आली तर शाळेला कळवा. दहा मिनिटे पाहून परत देऊ.

आणि व्यवस्थापक मंडळाला विनंती. आपल्या कोठीच्या खोलीत बारा जुने संगणक पडून आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते विकावयाचे ठरले आहे, आणि ते योग्यच आहे. जागा हवी आहे. त्यांपैकी एक ठेवा. तो उघडून, प्रत्येक भागाला चिठ्ठी लावून, मराठी-उर्दू-इंग्रजी तिन्ही भाषांत नाव लिहून काचेच्या कपाटात लावू. हस्तकलेच्या मुलींनी काळ्या मण्यांची आणि तांब्याच्या तारेची मेमरीची चौकट करावयास घेतली आहे, तीही त्यातच ठेवू. कपाट माजी विद्यार्थ्यांपैकी एकाने देऊ केले आहे, तेव्हा खर्चाचा प्रश्न उरत नाही.

सहलीविषयी. सीप्झपासून भुयारी मेट्रो आता थेट कफ परेडपर्यंत जाते, आणि वाटेत विज्ञान केंद्र हे स्थानक आहे. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ मध्ये सुरू झाले. तेथे मुलांनी हात लावून पाहावयाची उपकरणे पुष्कळ आहेत, दिवस कसा जातो कळत नाही. आठवी आणि नववीचे वर्ग आम्ही पुढील महिन्यात नेणार आहोत. कफ परेडला उतरून कुलाब्याच्या टोकाकडे पाहिले की ज्या बाजूला टिफ्रॅक चालत होता ती बाजू दिसते. वेळ राहिला तर तेथपर्यंत जाऊन येऊ. प्रत्येक मुलाने वही न्यावी, आणि मोबाईल घरी ठेवावा. एका वर्गाबरोबर चार पालक लागतील. मातांपैकी दोघी तरी याव्यात, म्हणजे मुलींना पाठविताना कोणाला संकोच वाटणार नाही.

एका पालकाचे नाव मी आधीच लिहून ठेवले आहे. त्यांनी विचारले, "सर, मी येऊन काय करू?" मी म्हणालो, मुले विचारतील की हे आतून कसे असते, तेव्हा तुम्ही सांगा. त्या दिवशी गाळा बंद ठेवून येतो असे ते म्हणाले. त्यांच्या मुलाने यंदाच्या अर्जावर तो रकाना कसा भरला आहे हे मी सांगणार नाही, कारण वर्गात सांगू नका असे त्याने मला एकदा बजावले होते आणि ती बंदी त्याने अजून उठवलेली नाही. संमतिपत्रके बाहेर टेबलावर ठेवली आहेत. चहा घेता घेता सह्या करून द्याव्यात.